बौद्धांच्या सवलती : मुंबईने दिल्या, दिल्लीने तीस वर्षे अडविल्या

जून महिना उजाडला की आमच्या नायगाव-परळ भागातील बुद्धविहारांत रविवारच्या वंदनेनंतर एक वेगळीच गर्दी जमते. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत शाळा सोडल्याचे दाखले, रेशनकार्ड, सासऱ्यांच्या नावचा एखादा पिवळा पडलेला कागद, आणि चेहऱ्यावर काळजी. मुलामुलींच्या प्रवेशाचे आणि नोकरीच्या फॉर्मचे हे दिवस. मी पेशाने कारकून असल्यामुळे कागद वाचण्याची सवय आहे, म्हणून ही मंडळी माझ्यापुढे पिशव्या रिकाम्या करतात.

मागे अशीच एक ताई आली. चार घरची कामे करून तिने मुलाला पदवीपर्यंत शिकविले. मुलाने केंद्र सरकारच्या एका भरतीचा फॉर्म भरायला घेतला आणि जातीच्या दाखल्यापाशी अडला. ती म्हणाली, "दादा, हाच दाखला कॉलेजने घेतला, स्कॉलरशिपला चालला. मग ह्यांना का चालत नाही? सरकार एकच ना?"

"ताई, सरकारे दोन आहेत," असे मी तिला म्हणालो. राज्याचा दाखल्याचा नमुना वेगळा, केंद्राचा वेगळा. केंद्राच्या नमुन्यात अनुसूचित जातीचे नाव स्पष्ट लागते, कोणत्या आदेशाखाली ती जात अनुसूचित आहे ते लागते. त्यावर तिने जो प्रश्न विचारला तो मला आठवडाभर पुरला. "आम्ही बौद्ध झालो ना? मग पुन्हा महार का लिहायचे?"

तिला घाईघाईत दोन वाक्यांत काहीतरी सांगून मी कामाला लावले. पण या प्रश्नाच्या पोटात आपल्या समाजाचा पन्नास-साठ वर्षांचा झगडा आहे, आणि तो झगडा फक्त सवर्ण आणि आपण असा नाही. मुंबईचे सरकार आणि दिल्लीचे सरकार यांच्यात कोणाच्या हातात काय अधिकार, याचाही तो झगडा आहे. आपली नवी पिढी फॉर्मवरचा चौकोन भरते आणि पुढे जाते. तो चौकोन तेथे कसा आला, हे घराघरांत माहीत असले पाहिजे.

१० ऑगस्ट १९५० चा आदेश

भारतीय संविधानाच्या ३४१ व्या कलमाखाली राष्ट्रपतींनी १० ऑगस्ट १९५० रोजी अनुसूचित जातींची यादी जाहीर केली. त्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात म्हटले होते की हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. पंजाबातील शिखांच्या चार जातींना तेवढा अपवाद केला होता. १९५६ साली दुरुस्ती होऊन शीख धर्माला सरसकट स्थान मिळाले. लक्षात घ्या, धर्माची ही अट संविधानाच्या कलमात नाही, आदेशात आहे. आणि अशी अट काही स्वतंत्र भारतात पहिल्यांदा आली असेही नव्हे. इंग्रजांच्या काळातील १९३६ च्या आदेशात भारतीय ख्रिस्ती वगळलेले होते आणि बंगालपुरते बौद्धही वगळलेले होते.

आता ३४१ व्या कलमाची रचना पाहा. यादी राष्ट्रपतींनी राज्यपालांशी विचारविनिमय करून जाहीर करायची. एकदा जाहीर झाली की तिच्यात नाव घालण्याचा किंवा काढण्याचा अधिकार फक्त संसदेला. राज्य सरकारला नाही, विधानसभेला नाही, खुद्द राष्ट्रपतींनाही नाही. ही रचना कोणाची? १७ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेत ही कलमे मांडली ती बाबासाहेबांनीच. यादी प्रसिद्ध झाल्यावर तिच्याशी राजकीय हेतूने कोणी खेळू नये, हा त्यांनी सांगितलेला उद्देश होता. त्यांना खेड्याचा आणि प्रांतांचा पुरेपूर अनुभव होता. एखाद्या राज्यातील बहुसंख्य जातीने सत्ता हाती येताच यादीत आपल्या सोयीची नावे घुसडावीत, नकोशी काढावीत, हे त्यांना रोखायचे होते.

म्हणजे आपल्या घराला बाबासाहेबांनीच मजबूत कुलूप लावले, आणि किल्ली संसदेकडे दिली. पुढे घडले असे की आपण धर्म बदलला आणि त्याच कुलपाच्या बाहेर राहिलो. यात बाबासाहेबांची चूक काढणारे काही विद्वान भेटतात. मला ते पटत नाही. अडचण तिसऱ्या परिच्छेदाची होती, आणि तो परिच्छेद संसद एका दिवसात बदलू शकत होती. १९५६ साली शिखांसाठी बदललाच होता.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी हा सवलतींचा प्रश्न टाळला नाही. हे हक्क मी मिळवून दिले आहेत आणि पुन्हा मिळवीन, असा विश्वास त्यांनी लोकांना दिला. त्यानंतर दोन महिनेही गेले नाहीत. ६ डिसेंबरला ते गेले. ७ डिसेंबरला दादरच्या समुद्रकिनारी, त्यांच्या चितेसमोर, भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून लाखोंनी दीक्षा घेतली. गिरगाव, परळ, लालबाग, नायगाव, वरळी येथील गिरणीकामगार, गोदी कामगार, सफाई कामगार त्या गर्दीत होते. आमचे आजोबा होते. त्यांनी घरी येऊन देव्हारा उतरविला, एवढेच आजी सांगत असे. सवलतींचे पुढे काय, हे त्या रात्री कोणी विचारले नाही.

१९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्याही आत होती. १९६१ ला ती २७ लाख ८९ हजार झाली. दहा वर्षांत! धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले की हातची सवलत जाते हे माहीत असताना लोकांनी ते लिहिले. मोलमजुरी करणाऱ्या, सही ऐवजी अंगठा करणाऱ्या माणसांनी लिहिले. ज्यांनी मुलाच्या नोकरीपायी कागदावर 'हिंदू महार' राहू दिले आणि घरी त्रिशरण-पंचशील म्हटले, त्यांना मी नावे ठेवणार नाही. पोट सर्वांनाच असते. पण त्या २७ लाखांची छाती केवढी होती, हे कधीतरी मुलांना सांगितले पाहिजे.

एक घर, दोन भाऊ

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आपला समाज खांद्याला खांदा लावून उतरला होता. १९५७ च्या निवडणुकीत समितीबरोबर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होते आणि दादासाहेब गायकवाड नाशिकहून लोकसभेवर गेले होते. हा रेटा नव्या सरकारला डोळ्याआड करता आला नाही. महाराष्ट्र शासनाने १९६० साली बौद्ध धर्मांतरितांना राज्याच्या सवलती सुरू केल्या. कागदोपत्री आपल्याला 'नवबौद्ध' म्हटले गेले. हा शब्द आपल्याला कधीच आवडला नाही. बौद्ध म्हणजे बौद्ध. नवा काय आणि जुना काय? पण भाकरी त्या शब्दाबरोबर आली, म्हणून तो सोसला.

राज्याला हे कसे करता आले? संविधानाच्या १५(४) आणि १६(४) या कलमांनुसार मागासलेल्या वर्गांसाठी खास तरतूद करण्याचा अधिकार राज्य सरकारलाही आहे. अनुसूचित जातींची यादी बदलायची नाही, पण आपल्या शाळा, आपली वसतिगृहे, आपल्या नोकऱ्या यांत या लोकांना तसेच वागवायचे, एवढे राज्याच्या हातात होते. तेवढे त्याने केले. पुढे काही करायचे तर दिल्लीला जावे लागणार होते.

याचा अर्थ काय झाला, ते पुस्तकापेक्षा परळच्या रस्त्यावर चांगले कळते. केईएम रुग्णालय १९२६ सालचे, महापालिकेचे. त्याच्या शेजारी टाटा मेमोरियल, १९४१ सालचे, १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे. मध्ये एक रस्ता. थोडे पुढे रेल्वेचे वर्कशॉप, तेही केंद्राचे. महापालिका राज्याच्या कायद्याखाली, म्हणून रस्त्याच्या एका बाजूस बौद्ध तरुण मागासवर्गीय होता. रस्ता ओलांडला की तो खुल्या वर्गातला! पोस्ट, प्राप्तिकर, रिझर्व्ह बँक, आयुर्विमा महामंडळ, १९६९ नंतर राष्ट्रीयीकृत झालेल्या बँका, सगळीकडे तोच प्रकार. मुंबईसारख्या शहरात केंद्राच्या नोकऱ्यांचे केवढे मोठे मैदान आहे, हे वाचकांना सांगायला नको. ते तीस वर्षे आपल्याला बंद होते.

आमच्या घरातलेच उदाहरण देतो. वडील आणि चुलते, दोघे सख्खे भाऊ, एका आईचे, एकाच खोलीत वाढलेले. धाकट्या काकांना महापालिकेच्या एका इस्पितळात राखीव जागेवर वॉर्डबॉयची नोकरी लागली. वडील त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे आणि दोन यत्ता जास्त शिकलेले. ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एका केंद्रीय कचेरीच्या भरतीला गेले. तेथल्या बाबूने फॉर्म पाहिला आणि म्हणाला, "बौद्ध लिहिलंय ना? मग पलीकडच्या रांगेत जा." पलीकडच्या रांगेत शेकड्यांनी माणसे होती. नोकरी मिळाली नाही. कोणीतरी सुचविले की धर्माच्या जागी हिंदू लिही, पुढच्या भरतीत काम होईल. वडिलांनी आजोबांना विचारले. आजोबा काही बोलले नाहीत, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहत राहिले. वडील गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढचे सर्वांना ठाऊक आहे. काकांची पेन्शन आजही चालू आहे. वडिलांच्या मनात काकांविषयी कधी असूया नव्हती, पण "मी चुकीच्या सरकारच्या दारात गेलो" असे ते हसत हसत म्हणत. त्या हसण्यामागे काय होते ते मला फार उशिरा कळले.

(जाता जाता : गिरण्यांतही आपल्याला सगळे दरवाजे उघडे होते असे नाही. विणकाम खात्यात धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य तेथे नको, असा सवर्ण कामगारांचा हट्ट होता आणि जास्त पगार त्याच खात्यात होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना यावरच जाब विचारला होता. तेथे ना राज्य आड आले ना केंद्र, आड आला तो शेजारच्या मागावरचा भाऊच.)

नोकरीपेक्षाही मोठा फटका बसला तो राजकीय राखीव जागांचा. १९६२ च्या निवडणुकीत डी. पी. मेश्राम नागपुरातील राखीव मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले. त्यांच्या निवडीला आव्हान दिले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६४ साली निकाल लागला की मेश्राम यांनी १९५७ साली बौद्ध धर्म स्वीकारला आहे, धर्म मानणे म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे, सबब ते अनुसूचित जातीचे नाहीत आणि त्यांची निवड रद्द. मतदारांनी निवडून दिलेला प्रतिनिधी बुद्धाला शरण गेला म्हणून घरी बसला. येथे महाराष्ट्र सरकारची इच्छा असून नसून काही उपयोग नव्हता.

शिवाय राखीव जागांची संख्या अनुसूचित जातींच्या लोकसंख्येवर ठरते. आपण बौद्ध म्हणून मोजले गेल्यामुळे ती लोकसंख्या कागदावर घटली. १९८१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ७.१ टक्के होते. कायदा बदलल्यावर १९९१ ला तेच सुमारे ११.१ टक्के झाले. दहा वर्षांत इतकी बाळे जन्मली काय? माणसे तीच होती, रकाना बदलला होता. विधानसभेच्या राखीव जागा मात्र १८ च राहिल्या, कारण मतदारसंघांची फेरआखणी गोठविलेली होती. २००१ च्या जनगणनेवर आधारलेली आखणी २००९ च्या निवडणुकीत लागू झाली, तेव्हा त्या २९ झाल्या आणि लोकसभेच्या ३ च्या ५ झाल्या. आज मुंबईत धारावी आणि कुर्ला हे दोन मतदारसंघ राखीव आहेत. १९५६ ते २००९, म्हणजे त्रेपन्न वर्षे. धम्मदीक्षेच्या दिवशी जन्मलेला मुलगा तोवर निवृत्तीला आला.

दिल्ली हलली कशी

आपोआप हलली नाही. १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागणीपत्र दिले. भूमिहीनांना जमीन ही मुख्य मागणी, पण संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा आणि बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती द्या, या मागण्याही तीत होत्या. ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह झाला, लाखो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. आयाबाया तान्ह्या पोरांना घेऊन गेल्या. त्या म्हाताऱ्या आता फारशा उरल्या नाहीत. ज्यांच्या घरी असतील त्यांनी त्यांच्या आठवणी वहीत उतरवून ठेवाव्यात.

दिल्लीचे उत्तर वर्षानुवर्षे एकच. बौद्ध धर्मात जातिभेद नाही, अस्पृश्यता नाही. मग अस्पृश्यतेपायी दिलेली सवलत तुम्हाला कशाला? ऐकायला हे उत्तर किती न्याय्य वाटते! धर्मात जात नव्हती हे खरे, पण गावच्या पाणवठ्यावर जात होती. मुंबईत भाड्याने खोली शोधताना आडनाव विचारणाऱ्या मालकाच्या मनात जात होती. बदलले आम्ही होतो, समोरचा बदलला नव्हता. त्याने केलेल्या अन्यायाची भरपाई आमच्या धर्मावर कशी ठरते?

डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार आले. रामविलास पासवान कामगार व कल्याण मंत्री झाले. १९९० हे बाबासाहेबांचे जन्मशताब्दी वर्ष. त्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले, १२ एप्रिलला तैलचित्र मध्यवर्ती सभागृहात लागले आणि जूनमध्ये १९५० च्या आदेशात दुरुस्ती करणारा कायदा झाला. 'हिंदू, शीख' यांच्यापुढे 'बौद्ध' हा एक शब्द आला. एका शब्दाला चौतीस वर्षे लागली. तेव्हा माझ्या वडिलांचे सरकारी भरतीचे वय उलटून गेले होते.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, अंमलात आला ३० जानेवारी १९९० पासून. त्याचे संरक्षण संविधानाच्या व्याख्येतील अनुसूचित जाती-जमातींना. म्हणजे जूनमधील दुरुस्ती झाली नसती तर खेड्यातील बौद्धाला मारहाण झाली असता आरोपीचा वकील उभा राहून म्हणाला असता, फिर्यादी बौद्ध आहे, हा कायदा त्याला लागूच नाही. सवलत म्हणजे फक्त नोकरी आणि स्कॉलरशिप असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मग राज्य आपले आणि दिल्ली परकी?

वरचे वाचून कोणाला असे वाटेल, म्हणून दुसरी बाजू मांडली पाहिजे. बाबासाहेबांनी अस्पृश्यता नष्ट करणारे १७ वे कलम लिहिले आणि ३५ व्या कलमात असे ठेवले की त्या गुन्ह्याची शिक्षा ठरविणारा कायदा फक्त संसदच करील. राज्यांना तो अधिकारच दिला नाही. त्याआधी मद्रास, मुंबई अशा प्रांतांचे वेगवेगळे कायदे होते, एका प्रांतात एक आणि दुसऱ्यात दुसरे. मूलभूत हक्क गावच्या आणि प्रांताच्या मर्जीवर सोडायचा नाही, हा त्यामागचा विचार. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनातही हीच चिंता आहे. १९५५ मध्ये भाषावार प्रांतांविषयी लिहिताना त्यांनी मोठ्या राज्यांत एकाच जातीचे वर्चस्व होईल असा इशारा दिला, मुंबईचे वेगळे राज्य धरून महाराष्ट्राचे चार भाग सुचविले. ती सूचना त्या वेळी आपल्याच लोकांना पचली नव्हती.

पण कायदा दिल्लीचा असला तरी पोलीस ठाणे राज्याचे असते. फिर्याद लिहून घेणारा हवालदार, तपास करणारा अधिकारी, सरकारी वकील, सगळे राज्याचे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या आपल्या बांधवांवर गोळ्या झाडल्या त्या राज्य राखीव पोलीस दलाने. दहा माणसे मेली. २९ सप्टेंबर २००६ च्या खैरलांजी हत्याकांडात तपास शेवटी केंद्रीय अन्वेषण विभागाकडे द्यावा लागला, आणि तरीही २००८ च्या निकालात अत्याचार प्रतिबंधक कायदा टिकला नाही. तेव्हा मुंबईच्या सरकारला आपले म्हणून मिठी मारण्याचे कारण नाही.

अमेरिकेत बाबासाहेब शिकले त्या देशातील उदाहरण येथे उपयोगी पडेल. १९५७ साली अर्कान्सा राज्यातील लिटल रॉक गावी नऊ काळ्या मुलामुलींना गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश मिळाला. राज्याच्या गव्हर्नरने त्यांना अडविण्यासाठी सशस्त्र शिपाई उभे केले. तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना केंद्राचे सैन्य पाठवून मुलांना शाळेत पोचवावे लागले. तेथे 'राज्यांचे हक्क' ही घोषणा बहुधा काळ्यांना दाबणाऱ्यांच्या तोंडी असे. आपल्याकडे १९६० साली राज्य पुढे होते आणि केंद्र मागे. म्हणून मला वाटते, राज्य की केंद्र असा बाजूंचा वाद आपण घालू नये. जो देईल त्याच्याकडून घ्यावे आणि जो अडवील त्याला कोर्टात आणि रस्त्यावर गाठावे. २० मार्च २०१८ ला कराडच्या एका महाविद्यालयातील तक्रारीवरून गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अत्याचार कायद्याची धार बोथट केली, तेव्हा २ एप्रिलला भारत बंद झाला आणि ऑगस्टमध्ये संसदेने १८-अ कलम घालून ती धार परत आणली. मोर्चा निघाला नसता तर आणली असती काय?

आता नवा प्रश्न उभा आहे. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी सहा विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितले की राज्यांना अनुसूचित जातींचे पोटवर्गीकरण करता येईल. २००४ चा उलट निकाल रद्द झाला. यादीत नाव घालण्या-काढण्याचा अधिकार अजूनही संसदेचाच. हलबा-कोष्टी खटल्यात २००० साली महाराष्ट्रालाच हे बजावले गेले होते. पण यादीच्या आत वाटे पाडण्याची मुभा राज्याला मिळाली. आपल्या समाजात या निकालावर मोठा संताप आहे. मातंग, वाल्मीकी आणि इतर बांधवांची तक्रार मात्र खोटी नाही. त्यांच्या वस्तीत जाऊन पाहिले तर पदवीधर शोधावा लागतो. त्यांच्या वाट्याची भाकर आपण खाल्ली असे मी म्हणत नाही, पण त्यांच्या भुकेवर पाय देऊन उभे राहणे धम्मात बसत नाही. माझी भीती वेगळी आहे. वाटे कोण पाडणार, कोणत्या आकड्यांवर, आणि निवडणुकीच्या किती आधी? १९४९ साली बाबासाहेबांनी ज्या राजकीय हेतूंना कुलूप लावले, त्यांना खिडकी उघडी मिळू नये. आकडेवारी आधी जाहीर करा, मग बोला, असा आग्रह आपण सर्वांनी मिळून, मातंग बांधवांना बरोबर घेऊन धरला पाहिजे.

आणि आपल्याला दार उघडले म्हणून बाहेर राहिलेल्यांना विसरू नये. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान यांना १९९० च्या दुरुस्तीने काही मिळाले नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बाळकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने त्यासाठी आयोग नेमला. "तुमच्या धर्मात जात नाही" हे त्यांना दिले जाणारे उत्तर आपण चौतीस वर्षे ऐकले आहे.

आता पिशवीकडे वळू. राज्याचे आणि केंद्राचे दोन्ही नमुन्यांतले दाखले मुलगा-मुलगी दहावीत असतानाच काढून ठेवावेत. फॉर्मची तारीख आल्यावर धावू नये. धर्म बौद्ध आणि जात महार असे दोन्ही लिहिण्यात कमीपणा नाही. महाराष्ट्राच्या यादीत ३७ व्या क्रमांकावर ते नाव आहे, आणि १९९० च्या कायद्याने ती जात व बौद्ध धर्म एकत्र मान्य केले आहेत. ताईच्या प्रश्नाला माझे उत्तर हे असे फॉर्मपुरतेच आहे. बाकीचे उत्तर मलाही सापडायचे आहे. पुराव्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा कागद फार मोलाचा. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, गावच्या कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, जमीन असल्यास तिचा उतारा, यांपैकी काहीतरी गावी जाऊन या सुट्टीतच शोधावे. चाळ पाडली जाताना पेट्यांमधले कागद रद्दीत घालू नयेत. ज्यांची मूळ गावे बिदर-भालकीकडची, म्हणजे आजच्या कर्नाटकातील आहेत, त्यांना मूळ राज्यातील पुरावा लागतो आणि सवलतीचे नियमही वेगळे लागतात, त्यांनी आधी विचारून घ्यावे. राज्यात जात पडताळणीचे प्रमाणपत्र वेगळे लागते, ते दाखल्यात धरू नये. स्कॉलरशिपचे पैसे डिसेंबर २०२० च्या निर्णयापासून केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के असे येतात. पैसे उशिरा आले तर कोणाचा हिस्सा अडला ते कॉलेजकडून लेखी मागावे, तोंडी उत्तरावर परत येऊ नये.

त्या ताईच्या मुलाचा केंद्राचा दाखला मुदतीच्या दोन दिवस आधी मिळाला आणि फॉर्म गेला. परीक्षा व्हायची आहे. आम्ही काही जण दर रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात बसतो. येताना मूळ कागद आणावेत, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स आणाव्यात, आणि घरातील वडीलधाऱ्या माणसाला बरोबर आणावे, कारण गावाचे नाव आणि पणजोबांचे नाव बहुधा त्यांनाच आठवत असते.